गांडुळांच्या डब्याचा जळफळाट

मी एक जुना डबा आहे, पत्र्याचा. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. दुकानातून आलो तेव्हा माझ्यात बिस्किटं होती आणि झाकणावर गुलाबाचं चित्र होतं. बिस्किटं संपली. आई मला कपाटात ठेवणार, तेवढ्यात धाकट्याने मला पळवलं आणि माझ्यात ओली माती अन् गांडुळं भरली. झालं! सगळ्या थाटाचं वाटोळं.

त्या घरात दोन भाऊ. शेतातलं काम आटोपलं की दोघं नदीवर मासे धरायला जायचे. थोरल्याच्या हातात गळाची काठी, धाकट्याच्या हातात मी. त्या काठीचे काय ते लाड! तिला तेल लावायचं, तिला पलंगामागे निजवायचं. मी मात्र गोठ्यामागे, चिखलात. मासा लागला की शाबासकी काठीला. अहो, पण आमिष कुणाच्या पोटातलं? माझं नाव कुणी काढेल तर शपथ!

धाकटाही माझ्यासारखाच धुमसायचा.

"दादा, एकदाच दे ना काठी."

"आधी गांडुळं नीट काढायला शीक," दादा म्हणायचा.

मग धाकटा रागाने माझं झाकण आपटायचा. मला बरं वाटायचं. निदान जळायला सोबत होती.

पुढे दादाला दूरच्या शहरात कारखान्यात नोकरी लागली. निघायच्या सकाळी त्याने काठी धाकट्याच्या हातात दिली. "घे, आता तुझीच."

धाकटा इतका हरखला की मेल्याने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी पायरीशी पडून होतो. दादाने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि गुपचूप पेटीत टाकलं.

आता मी त्याच्या खोलीत, खिडकीत असतो. पोटात सुया आणि बटणं. रविवारी धाकट्याचा फोन येतो.

"दादा, हाताएवढा मासा लागला! तू कधी येतोस?"

"सुट्टी नाही रे."

फोन ठेवला की दादा माझं झाकण उघडून वास घेतो. "मजा आहे लेकाची," म्हणतो आणि तोंड पाडून बसतो. तो भावावर जळतो, मी काठीवर. ती भवानी रोज नदीवर मिरवते आणि मी इथे बटणं सांभाळतो!

मित्रांनो, 'आम्हाला जपा' असं प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगेल. मला नका जपू. गंजलो तर गंजलो. पण उद्या तुमच्यापैकी कुणी कारखान्याचा साहेब झालं, तर अशा दादाला चार दिवस सुट्टी द्या. तो निघाला की बटणं कुठेही ओता आणि मला त्याच्या पिशवीत टाका. काठी धाकट्यालाच धरू दे. गांडुळं आम्ही दोघं काढू.