दुरुस्तीच्या टेबलावरचा माईक

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची स्पंजची टोपी एका बाजूने फाटली आहे, माझ्या वायरला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि माझ्या अंगाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो. असा मी एक जुना माईक आहे. मला दिसत नाही. मला फक्त ऐकू येते, आणि बाकीचे मी ऐकण्यावरून ताडतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझ्या पोटात एक पडदा बसवला. तो इतका पातळ होता, की शेजारी कोणी सुस्कारा सोडला तरी थरथरायचा. मग तिने मला हळूच टिचकी मारली आणि पलीकडून कोणीतरी म्हणाले, "चालतोय." मी ऐकलेला तो पहिला शब्द.

घरबसल्या यशस्वी कसे व्हावे हे इंटरनेटवर शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी मला प्रथम विकत घेतले. ते माझ्यासमोर तावातावाने बोलत. पुढे त्यांचाच धंदा बसला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो. तिथून एका मुलीने मला उचलले. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. तिचे आईवडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आणि त्यांचे मंदावलेले दुकान चालावे म्हणून त्याचे व्हिडिओ बनवायचे तिने मनावर घेतले होते.

त्या दुकानात पाऊल ठेवले, म्हणजे मला ठेवले, तेव्हा मी थक्क झालो. केवढे आवाज होते तिथे! चाकाची घरघर, पट्ट्याची चरचर, सुई कापडात शिरतानाची टकटक. वडिलांना सगळे मिस्त्री म्हणत. ते हाताने चाक फिरवून कान देत आणि मशीनचे दुखणे ओळखत. मिस्त्री बोलत मात्र फार थोडे. बोलताना त्यांची जीभ अडखळायची. 'ब' आला की गाडी रुतायची. गिऱ्हाईक ताटकळायचे, आणि मग काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुढचा शब्द पटकन बोलून मोकळ्या व्हायच्या. लग्न झाल्यापासून त्यांची अर्धी वाक्ये काकूच पुरी करत आल्या होत्या. त्यात दोघांनाही काही वावगे वाटत नव्हते.

व्हिडिओत अर्थातच काकू बोलायच्या. मिस्त्रींचे हात मशीनवर आणि काकूंचा आवाज माझ्यात.

"तुमचं मशीन रुसलंय का? थांबा, आपण त्याची समजूत काढू," अशी त्यांची सुरुवात असे. मग टाके का सुटतात, दोरा का तुटतो, खालच्या दोऱ्याची बॉबिन कशी भरायची, तेल कुठे सोडायचे, ते त्या शेजारणीला सांगावे तसे सांगत.

मुलीला सुरुवातीला शंका होती. "आई, आपणच सगळं फुकट शिकवलं तर लोक दुकानात येतील कशाला?"

"ज्याला घरी जमेल तो घरी करेल," काकू म्हणाल्या. "ज्याला नाही जमणार तो कुणाकडे जाईल? ज्याचा आवाज ओळखीचा आहे त्याच्याकडेच ना?"

आणि खरेच तसे घडू लागले. मुलगी संध्याकाळी लोकांचे निरोप मोठ्याने वाचून दाखवायची. जहाजावर ताडपत्र्या शिवणारा एक खलाशी होता. डोंगरापलीकडच्या एका गावात बाळंतिणीसाठी दुपटी शिवणारी एक आजी होती. तिने लिहिले होते, की काकूंचा आवाज ऐकत तिने मशीन पहिल्यांदाच स्वतः उघडले. मी ऐकत राहायचो. काकू माझ्यासमोर एक शब्द उच्चारायच्या, माझ्या पडद्याला इवलासा धक्का बसायचा, आणि तोच शब्द समुद्रावर, डोंगरापलीकडे, परक्या घरांतल्या मशीनपाशी जाऊन बसायचा. मित्रांनो, या गोष्टीचे नवल माझ्या मनातून आजही सरत नाही. हळूहळू दुकानात खोक्यांतून मशीन येऊ लागली. बंद पडायला आलेले दुकान उभे राहिले.

मग काकूंच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झाले, गाठ निघाली, काकू घरी आल्या. आवाज मात्र आला नाही. तोंड उघडले की नुसती हवा बाहेर पडायची. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. कुजबुजायचेसुद्धा नाही, असे त्यांनी बजावले होते.

मी कपाटावर गेलो. खाली दिवसेंदिवस शांत होत गेले. खोकी यायची थांबली, कारण नवीन व्हिडिओ नव्हते आणि लोक विसरतात. एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, हल्ली कॉम्प्युटरसुद्धा बोलतो. मी लिहून देते, तो वाचेल."

तसा एक व्हिडिओ निघाला. माझी त्यात गरजच नव्हती. तो आवाज गुळगुळीत होता, कुठे अडत नव्हता, श्वास घेत नव्हता. त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, 'काकू कुठे गेल्या?' मुलीने वाचता वाचता मध्येच कॉम्प्युटर बंद केला.

"दु-दुकान कायमचं आवरू आता," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात खुर्ची सरकली. कोणीतरी मला कपाटावरून खाली घेतले, टोपीवरची धूळ झटकली आणि टेबलावर जोरात आदळले. मग मला ढकलत ढकलत टेबलाच्या त्या टोकाला नेले, जिथे मी कधीच नसायचो. त्या बोटांची पकड माझ्या ओळखीची होती. मी मिस्त्रींच्या श्वासासमोर उभा होतो.

"आई, अगं, बाबांना कसं जमेल?" मुलगी म्हणाली.

टेबलावर दोनदा थाप पडली. काकूंनी आपले म्हणणे सांगितले होते.

मिस्त्रींनी सुरुवात केली. "आज आपण ब... ब..." आणि ते थांबले. सवयीने थांबले. आता काकू बोलतील, असे त्यांना वाटले असणार. काकू बोलू शकत नव्हत्या, आणि मुलगी बोलली नाही. माझ्या पडद्यावर मिस्त्रींच्या छातीची धडधड येत होती. इतके भरलेले मौन मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

"...बॉबिन बघू," ते म्हणाले.

वाक्य त्यांनी स्वतः पुरे केले होते. मग दुसरे केले. ते अडत होते, पुन्हा उचलत होते, आणि मशीनविषयी असे काही सांगत होते, जे जणू आतापर्यंत त्यांच्या पोटात साठून राहिले होते. शेवटी त्यांनी काकूंच्या ऑपरेशनची हकिकत सांगितली. "त-तिला बोलता येत नाही. म्हणून मी. सांभाळून घ्या."

मुलीने व्हिडिओतले एकही अडखळणे कापले नाही. काही लोक हसले, काहींनी नकला केल्या. ते वाचताना मुलीचा आवाज चढला. "काढून टाकते मी हे." पण टेबलावर पुन्हा थाप पडली. आणि मग दुसरे निरोप येऊ लागले. एका शिंप्याने लिहिले, 'माझा मुलगा असाच बोलतो. त्याने तुमचा व्हिडिओ तीनदा पाहिला. मशीन घेऊन आम्ही दोघे येतोय.' ते आले. इतरही आले. खोकी पुन्हा दाराशी रचली जाऊ लागली.

आता नेहमीच्या कामात काकू मला हातात धरून मिस्त्रींजवळ बसायच्या, आणि मुलगी कानाला हेडफोन लावून आवाज तपासायची. एका दुपारी मिस्त्री मशीनचे तोंड, म्हणजे सुईजवळचे झाकण, उघडायचे कसे ते सांगत होते. रंगात आले होते, भराभर पुढे चालले होते. तेव्हा माझ्या अगदी जवळ, काकूंच्या बाजूने, काहीतरी हलले. ती नुसती हवा नव्हती. कोळ्याच्या धाग्याइतका बारीक, फाटका, पण स्वर होता.

"सुई काढा आधी."

मिस्त्रींना ऐकू गेले नाही. ते बोलतच राहिले. काकूंना स्वतःलाही ते कळले होते की नाही, कोण जाणे. ते फक्त मी ऐकले, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला मुलीने. तिच्या हातातून काहीतरी खाली पडले.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "आई बोलली."

चाक थांबले. मग मिस्त्री म्हणाले, "काय म्हणाली?" आणि मुलगी रडत रडत हसली. "तुम्ही चुकलात म्हणाली."

आता त्या दुकानात कॉलरला लावायचे दोन नवीन माईक आले आहेत, एक मिस्त्रींना, एक काकूंना. काकूंचा आवाज घोगरा झाला आहे, पण टिकतो. मी खिडकीत असतो. मुलगी अधूनमधून माझी धूळ पुसते, वायर नीट गुंडाळते, म्हणून मी अजून चालतो.

मित्रांनो, तुमच्या हाती एखादा माईक आला तर त्यात फुंकर मारू नका, त्याला थपडा मारू नका; त्याचा पडदा फार नाजूक असतो. आणि तुमच्यासमोर कोणी बोलता बोलता अडला, तर घाई करू नका. त्याचा शब्द आतून निघालेला असतो. तो ओठांपर्यंत पोचेस्तोवर थांबा.