छातीशी धरलेला डबा

सूर्य आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला कोन, डबा कसाही फिरवला तरी तोच राहायला हवा होता. तो राहत नव्हता. सकाळपासून लॅपटॉपवरचा आकडा एका जागी बसेना, आणि सुनिताही.

डबा साबणाच्या वडीएवढा. आत चुंबकीय क्षेत्र मोजणारी स्वस्तातली चिप, बाहेरून कॅल्क्युलेटरमधल्या सौरपट्ट्या चिकटवलेल्या. नांदेडच्या कॉलेजातली मुलं छोटा उपग्रह बनवत होती. वर गेल्यावर आपलं तोंड कुठं आहे हे त्यानं या डब्यावरून ओळखायचं. पण उपग्रहात बसवला की डबा चुकायचा. "एवढ्या स्वस्तात हे होत नसतं," सर म्हणाले होते. उद्या बैठक. चूक पाच अंशांच्या आत आली नाही तर डबा बाद, आणि सुनिताचं त्यातलं कामही संपलं.

म्हणून ती सेनगावजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर आली होती. माळावर ना विजेची तार, ना लोखंडी खांब. काळ्या दगडातही लोह असतं, म्हणून तिनं तुराट्यांच्या पेंढ्या रचून वर लाकडी पाट ठेवला. स्वतः लांब वायरच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसली आणि पाट फिरवायला रूपाबाईला, आपल्या याडीला म्हणजे आईला, उभं केलं.

"लोखंड नाही ना अंगावर?" तिनं विचारलं होतं.

"चांदी हाय समदी. तुझ्या आजीची," अंगातल्या कांचळीवरच्या, चोळीवर शिवलेल्या नाण्यांच्या रांगेवरून हात फिरवत रूपाबाई म्हणाली होती. चांदीला चुंबक लागत नाही. सुनिता निर्धास्त झाली होती.

लिंबाखाली ठेवलेला मोबाइल पुन्हा वाजला. विकास असणार, तिच्याच गटातला. ती उठली नाही.

तेवढ्यात एक शेळी तुराट्यांत तोंड घालायला आली. रूपाबाई हाकलायला धावली आणि आकडा एकदम बदलला. डब्याला तर कोणी हातही लावला नव्हता.

"याडी, हलू नको म्हटलं ना!"

"मंग शेळीला सांग तसं!"

सुनिता पिशवीतून जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन आली आणि कांचळीला लावलं. ते टक्‌कन चिकटलं.

"ही चांदी नाही, याडी. निकेलचे रुपये आहेत."

रूपाबाईनं नाण्यांवर हात ठेवला. "सासूनं बांधले, मी घातले. तुझा बाप जित्ता असताना उतरवायची न्हाई, आधीच सांगते."

"उतरवू नको. नुसती लांब हो."

"व्हय, व्हय. मला लांब कर, मोबाइल लांब कर. वर गेल्यावर तुझ्या डब्याजवळ कोनीच नसंल का?"

सुनितानं हातातल्या चुंबकाकडं पाहिलं. वर डब्याला खेटूनच बॅटरी असणार होती. निकेलचीच. कॉलेजात त्यांनी डबा दर वेळी एकटाच फिरवून जुळवला होता, बॅटरी टेबलावर ठेवून. उपग्रहात मात्र बॅटरी डब्याबरोबरच फिरणार. बरोबर फिरणारी चूक कायम एकाच बाजूची, तेवढ्याच मापाची. ती वजा करता येते.

"याडी, इकडं ये. डबा छातीशी धर, नाण्यांना लावून. तुझी नाणी म्हणजेच बॅटरी समज. पट्ट्या बाहेर. सूर्याकडं तोंड ठेव आणि डोल."

"म्हंजी?"

"होळीला नाचतेस तशी. डावीकडं, उजवीकडं. वाक. आता मागं झुक."

रूपाबाई नाचली. घुंगरं वाजली. खालच्या शेतातून सुनिताचा बाप प्रेमसिंग ओरडला, "येड लागलं काय मायलेकींना?"

"तुमची पोरगी नाचवून राहिली!" रूपाबाई तिथूनच ओरडली.

पडद्यावर ठिपके उमटत गेले. त्यांचा गोळा नीट गोल होता, फक्त मधोमध नव्हता. सुनितानं त्याचा मध्य काढला, प्रत्येक मापातून वजा केला. कोन पुन्हा मोजला. चूक तीन अंश.

ती लिंबाकडे पळाली.

"विकास, डबा चांगला आहे. आपण चुकलो. बॅटरी उपग्रहात बसव आणि काढू नको. मी येतेच, सगळं एकत्र फिरवायचं."

सेनगावच्या जीपचा हॉर्न वाजला. सुनिता वायर गुंडाळत होती आणि रूपाबाई, डबा छातीशी तसाच धरून, विचारत होती, "अगं, आता थांबू का नाचू?"