अर्धा ड्रायव्हर

दुपार कलली तरी दादाच्या पायांना उसंत नव्हती. टीव्हीसमोरून खिडकीशी, खिडकीतून पुन्हा टीव्हीसमोर. पडद्यावर एक म्हातारी जिना चढत होती आणि तिची सावली हिरवीगार पडत होती. सावलीने हिरवं असायचं काही कारण नव्हतं.

म्हातारी धाकट्या बहिणीच्या फिल्ममधली. बहिणीला घरात सगळे बारकी म्हणत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी तिने छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म केली होती आणि ती आज पाचच्या आत द्यायची होती. फिल्मचं एकेक चित्र रंगवून काढायला दमदार मशीन लागतं. बारकीचा लॅपटॉप असल्या कामात मान टाकायचा. घरात दमदार म्हणावं असं एकच होतं, दादाचा गेम खेळायचा कन्सोल.

"दादा, तुझ्या डब्यावर होईल का रे?" तिने विचारलं होतं.

"होईल का म्हणजे? पळेल! लॅबमध्ये कशाला रांगा लावतेस? तो नंबर देऊन टाक दुसऱ्या कुणाला."

दादाचं कन्सोल दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून तो घरीच होता. बाबा पेपर वाचून झाला की नोकरीच्या जाहिरातींचं पान मुद्दाम वर ठेवायचे आणि दादा त्याच पानावर चहाचा कप ठेवायचा. अशात बारकीचं काम आलं आणि त्याने ते झडप घालून घेतलं.

कन्सोल पडला मोठा मानी. कंपनीने त्याला गेमशिवाय काही शिकवलेलंच नाही. दादाने त्याच्या जुन्या सिस्टिममधली एक फट हुडकून आत लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घुसवली. पण घुसवणं वेगळं आणि नांदवणं वेगळं. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. कंपनी तो कुणाला देत नाही, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी चाचपडत, अंदाजपंचे लिहिलेले ड्रायव्हर होते ते. वायफायला तर ड्रायव्हरच नव्हता. त्यासाठी बाहेरच्या खोलीतून केबल ओढलेली. पंखा कधी फिरेल ते पंख्यालाच ठाऊक. ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर अर्धाच लिहून कुणीतरी सोडून दिलेला. त्याला उजेड जमायचा, सावली आली की तो गडबडायचा.

"झालं का रे?" बाबांनी दारातून विचारलं.

"होतंय."

"होतंय म्हणजे कधी?"

"बाबा, तुम्ही केबलवर उभे आहात."

बाबा खाली बघत बाजूला झाले आणि पुटपुटत निघून गेले.

दादाने शेवटचा उपाय केला. चिपचा नादच सोडला आणि सगळं काम साध्या प्रोसेसरवर टाकलं. सावली काळी झाली! त्याने टाळी वाजवली. मग पुढच्या चित्राची वाट बघत बसला. बसला, उठला, पाणी पिऊन आला, तरी ते चित्र अर्ध्यावरच. या चालीने फिल्म पुरी व्हायला पुढचा आठवडा उजाडला असता. बारकीचं वर्ष वाया जाणार होतं आणि तेही त्याच्या बढाईपायी.

त्याने तिला फोन लावला. उचलला तिच्या मैत्रिणीने. बारकी बाहेर गेली होती, फोन बाकावर ठेवून.

"तिला म्हणावं, फिल्म आज होत नाही," दादा एका दमात म्हणाला. "सरांकडून एक दिवस मागून घे. चूक माझी आहे. हवं तर सरांशी मी बोलतो."

"कुठली फिल्म?" मैत्रीण गोंधळली. "तिने तर सोमवारीच दिली. लॅबमध्ये केली ना. आम्ही सगळ्यांनी बघितलीसुद्धा. काय सुंदर झालीय!"

पलीकडे मैत्रिणीला आपली चूक उमगली असावी.

"मी फोन केला होता हे तिला सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला.

आधी त्याला हायसं वाटलं. वर्ष वाचलं पोरीचं. पण लगेच कान तापले. सोमवारपासून रोज संध्याकाळी ती येऊन विचारत होती, कुठवर आलं दादा, आणि तो तिला चिप, पंखा, ड्रायव्हर समजावून सांगत होता. तीही मान डोलवत होती. रडक्या पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तसं त्याला काम दिलं होतं. त्याला एवढा संताप आला, की कन्सोल उचलून आपटावासा वाटला.

पाच वाजून गेल्यावर बारकी आली. चपला काढता काढताच म्हणाली, "दादा, टेन्शन घेऊ नकोस. मुदत वाढवली सरांनी. आठवडाभर."

"बरं झालं," तो म्हणाला. मग मात्र त्याला राहवलं नाही. "सोमवारी दिलीस ती कुणाची होती?"

बारकी एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली.

"तू कुणाशी बोलत नव्हतास," ती हळू आवाजात म्हणाली. "हे काम घेतल्यापासून निदान जेवायला येऊन बसायला लागलास. मग माझ्याच्याने सांगवेना. रागावलास?"

"हो. खोटं काम दिलंस मला. हे जमत नाहीये, असं तोंडावर सांगायचंस."

"सांगितलं की! लॅबचा नंबर ठेवते म्हटलं, तू ठेवू देईनास, म्हणून गुपचूप ठेवला. सावली हिरवी दिसते म्हटलं, तर म्हणालास उद्या बघ. परवा विचारलं तेव्हाही उद्याच. दादा, तू आजवर कुणाला नाही म्हणालायस का रे?"

दादाला दुकान आठवलं. तिथे कुणी कसलाही मेलेला डबा आणून ठेवला तरी तो म्हणायचा, होईल, उद्या या. मग त्या उद्यांचा ढीग छतापर्यंत गेला आणि माणसं भांडून आपापले डबे घेऊन गेली. घरी मात्र त्याने एवढंच सांगितलं होतं, दुकानाची जागा बदलतोय.

"आता म्हणतो," तो म्हणाला. "नाही जमलं गं. दुकान पण नाही जमलं मला."

बारकीने दुसरी चप्पल काढली आणि त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.