दोन घोट

टेबलावर चोवीस नळ्या होत्या, दोन सुया, एक भिंग आणि एक फडकं. चोवीसपैकी पंधरा नळ्यांवरचे आकडे सरळ होते. उरलेल्या नऊंवर आठाची दोन पोटं एकमेकांत शिरली होती आणि साताचा पाय वळवळला होता. रत्नप्रभानं त्या नऊ नळ्या बाजूला सारल्या आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

घाटकोपरच्या त्या गाळ्यात प्रयोगशाळांसाठी थर्मामीटर बनत. नळीवर मेणाचा थर द्यायचा. रेघा यंत्र मारायचं, पण आकडे बायका सुईनं कोरायच्या. मग नळी ॲसिडमध्ये जायची आणि मेण जिथं कोरलंय तिथंच काच खाल्ली जायची. काचेत गेलेला आकडा पुसता येत नसे. सोळा वर्षांत रत्नप्रभाची नळी कधी परत आली नव्हती.

"पारा लागला गं तुला," शेजारची शकू म्हणाली. "पारा भरायच्या खोलीत कशाला जायचीस डबा खायला? पंख्याची हवा पायजे ना बाईसाहेबांना! खा आता हवा."

सुपरवायझर काशीराम नळ्या उचलून बघत म्हणाला, "बाई, तुम्ही काही दिवस पॅकिंगला बसा. मोठ्या हॉस्पिटलात दाखवून या. पारा निघाला तर शेठशी मी बोलतो."

पारा निघाला नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रत्नप्रभाच्या धाकट्या बहिणीसारख्या. त्यांनी लघवीचा रिपोर्ट दोनदा वाचला, मग तिला कागदावर गोगलगाईसारखा गोल गोल काढायला लावला. रेघ करवतीसारखी उमटली.

"हात टेबलावर नुसता ठेवलात की थांबतो, काही करायला गेलात की थरथरतो. बरोबर?"

"हो. चहाचा कप उचलला की जास्तच."

"घरात आणखी कुणाला आहे का असं? आई, वडील?"

"वडिलांना आहे. पण त्यांचं वेगळं." रत्नप्रभानं आवाज उतरवला. "ते प्यायचे. गिरणीतनं त्यासाठीच काढलं त्यांना."

"आधी हात थरथरायला लागला की आधी प्यायला लागले?"

हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "हा आजार रक्तातून येतो, बाई. पाऱ्याचा नाही, दारूचाही नाही. उलट दोन घोट घेतले तर हात तासभर शांत होतो. कितीतरी माणसं तेवढ्यासाठीच घेतात आणि बेवडी ठरतात. तुम्हाला गोळी देते, प्रोप्रॅनोलॉल. दमा नाही ना? बघू नाडी. बहात्तर. छान."

रत्नप्रभा चिठ्ठी घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. औषधाच्या खिडकीवर तिचा नंबर पुकारला गेला, तो तिनं ऐकला नाही.

वीस वर्षांपूर्वी, तिच्या लग्नाच्या सकाळी, बाबा नवा शर्ट घालून तिच्याजवळ आले होते. काही सांगायला म्हणून वाकले आणि भपकारा आला. "आजच्या दिवशी तरी!" एवढंच ती म्हणाली होती. मग तिनं काकांना बोलावून घेतलं. कन्यादानाचं पाणी काकांनी सोडलं. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. त्यानंतर ते तिच्या घरी अनेकदा आले. पण जेवले कधीच नाहीत. "पोट बरा नाय," म्हणायचे. तिला वाटायचं, राग धरलाय.

गोळ्यांचा गुण तिसऱ्या आठवड्यात दिसला. एका शनिवारी तिनं चोवीस नळ्या कोरल्या आणि चोवीसही ॲसिडला गेल्या. काशीराम म्हणाला, "झकास! सोमवारपासून परत आकड्यांवर." शकूनं पेढे मागितले. रत्नप्रभा सुटल्यावर घरी गेली नाही. तिनं मुलुंडची बस धरली.

जयवंत, तिचा भाऊ, कामावर होता. तिचे बाबा, दत्ताराम, भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि वाटीतली पेज वाटीलाच तोंड लावून पीत होते. चाहूल लागताच त्यांनी वाटी खाली ठेवली. धोतरावर पेज सांडली होती.

"काय गो? आज अचानक?"

"बाबा, एक विचारू? लग्नाच्या दिवशी किती प्यायला होतात?"

दत्तारामांनी धोतर झटकलं. "जुना कित्या उकरतंस?"

"सांगा ना."

"दोन घोट." त्यांनी दोन बोटं वर केली; ती हवेत हलत राहिली. "हात थांबाक व्हयो म्हणान. लोकांदेखत पाणी सांडला असता तर तुझ्या सासरचे काय म्हणते?"

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगूकच इललंय गो. तुका वास इलो." ते हसल्यासारखे झाले. "त्या सकाळी हात कसो दगडासारखो थांबललो, रत्ना. खांबाकडे उभो रवान बघी होतंय मी त्येका. तासभर थांबललो."

रत्नप्रभानं पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि त्यांच्या धोतरावरची पेज पुसायला घेतली. एकच डाग ती कितीतरी वेळ पुसत होती.

"आमच्याकडे जेवत नाही, ते ह्याच्यासाठी?"

"जावयासमोर भात उडवू?"

"बाबा, आता गोळी आहे. माझा हात बघा." तिनं हात समोर धरला. दत्तारामांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"माकाही गावात?"

"मंगळवारी नेते तुम्हाला."

"हात थांबलो तर रविवारी येतंय तुझ्याकडे. बांगड्याची आमटी कर. पाटावर बसान, सगळ्यांवांगडा जेवतलंय."

मंगळवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना गोल काढायला दिला. पेन्सिलीनं कागद फाटला. "तोच आजार," त्या म्हणाल्या. "पन्नासेक वर्षं अंगावर काढलाय यांनी."

"मग गोळी?" दत्तारामांनी लगेच विचारलं.

"आधी नाडी बघू दे, आजोबा. ही गोळी हृदयाचे ठोके मंद करते. मिनिटाला पन्नासच्या खाली असतील तर देता येत नाही. फिटवरची दुसरी एक आहे, पण तिनं तोल जातो. तुमच्या वयाला ती नको."

"माझा काळीज घट आसा."

त्यांनी मनगट पुढं केलं. हात इतका हलत होता की नाडी सापडेना. "बाई, तुम्ही जरा धरता का यांचा हात?" रत्नप्रभानं दोन्ही हातांनी बाबांचा हात टेबलावर धरून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी अर्धं मिनिट मोजलं, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. दत्ताराम श्वास रोखून, ताठ बसले होते.

पूर्ण मिनिट झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोटं काढली आणि केसपेपर जवळ ओढला.

नाडी : मिनिटाला चव्वेचाळीस.