मी, सरगुंडेवाल्या आजींचा मोबाइल

रूपाच्या हातातला मोबाइल मी. माझ्यातून आजवर इतकी माणसं बोलली की मला माझं काही सांगायला सवडच मिळाली नाही. आता फारसं काम उरलेलं नाही, म्हणून सांगतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतं ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावचं एक दुकान, काचेचं कपाट आणि माझा कॅमेरा पुन्हा पुन्हा उघडून पाहणारा विनोद. विनोद मेडशीचा. लोकांच्या घरी वायरिंगची कामं करतो. बायकोला, रूपाला द्यायला त्याने मला घेतलं. रूपाने मला पदराने पुसलं आणि पहिला फोटो सासूबाईंचा काढला.

सासूबाई म्हणजे भागिरथाबाई. उन्हाळा लागला की त्या अंगणातल्या निंबाखाली सरगुंडे करायला बसायच्या. भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गुंडाळायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागे राहायचं ते नाजूक, पोकळ सरगुंडं. वाळवून ठेवायचं, शिजवून आंब्याच्या रसासोबत खायचं. त्यांचे हात चालायचे तसं तोंडही चालायचं.

एकदा रूपाने त्यांना न सांगताच मला समोर धरलं. भागिरथाबाई शेजारच्या बकरीला रागावत होत्या, "हट व! तुले कोनं बलावलं? आधी पावन्याइले, मंग तुले!"

रूपाने तो व्हिडिओ तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर थरथरत होतो. पुण्याहून, सोलापूरहून, सुरतहून लोक लिहीत होते. आजी किती गोड आहेत. आजी, आम्हाला पाठवाल का?

असा त्यांचा धंदा सुरू झाला. विनोदने मला उभं करायला लाकडाचं स्टँड केलं. रूपा बारावी शिकलेली. तिने पेजला नाव दिलं 'भागिरथाबाईचे सरगुंडे'. पाकिटाचे फोटो, भाव, कुरिअरचा पत्ता, सगळं ती माझ्यावर लिहायची. प्रत्येक व्हिडिओत भागिरथाबाई आधी हात जोडून "जयभीम" म्हणायच्या, मग बोलायला लागायच्या.

दुपारी रूपा त्यांना लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवायची. त्या विचारायच्या, "त्या पुन्याच्या पोरीचा दात दुखे, थांबला का? इच्यार बरं तिले."

"मामी, ते गिऱ्हाईक हाये," रूपा हसायची. सासूला ती मामीच म्हणायची.

"गिऱ्हाईक हाये त दात नाई का तिले?"

मग रूपा खरंच विचारायची. सुरतच्या मंजूने लिहिलं होतं, माझी आई असेच करायची, मागच्या वर्षी ती गेली. भागिरथाबाईंनी मला तोंडाजवळ धरलं आणि तिला निरोप पाठवला, "मले बी माह्या मायनंच शिकवलं व बाई. रडू नोको. आंबे नसले त दुधात शिजव." मंजूने तो आवाज कितीदा ऐकला, कोण जाणे.

जाहिरात कशी करावी हे शिकवणारे पुष्कळ व्हिडिओ विनोद माझ्यावर पाहायचा. रोज टाका, ठरल्या वेळी टाका, असं ते सांगायचे. पण आपण जेवलो का, हे विचारणारं कुणीतरी हवं म्हणून लोक त्या पेजवर येत होते, एवढं मला माझ्यापुरतं कळलं होतं.

पुढचं आधी माझ्याच लक्षात आलं. भागिरथाबाई "जयभीम" म्हणायच्या, थांबायच्या, परत "जयभीम" म्हणायच्या. रूपा नंतर तेवढा भाग कापून टाकायची. मग एका खेपेला कणकेत मीठ पडलंच नाही. मग एका सकाळी त्या रूपाला म्हणाल्या, "बाई, तुमी कोनाइच्या?"

रूपा आणि विनोद त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल.

रूपाने सासूला माझ्यासमोर बसवणं बंद केलं. सरगुंडे ती स्वतः वळायला लागली, स्वतःचेच हात दाखवायला लागली. पण लोक थांबेनात. आजी कुठे आहेत? आजींना दाखवा. आजी नसतील तर मजा नाही. पाहणारे कमी झाले, मागणीही उतरली.

ऐन हंगामात विनोद म्हणाला, "एक डाव लाइव्ह करू. पाच मिनिटं फक्त. लोक इच्यारून राह्यले."

"मामीले जमते का आता? कायले करता?"

"हातात काडी देल्ली की आपोआप करते व ते. मी पाह्यलं ना."

तो वाईट माणूस नाही. आई पहिल्यासारखी दिसावी, असं त्यालाही कुठेतरी वाटत होतं.

रविवारी दुपारी त्याने मला स्टँडवर लावलं. भागिरथाबाईंना निळं लुगडं नेसवलं होतं. लोक भराभर जमले. पहिलं सरगुंडं त्यांनी सुरेख वळलं, आणि माझ्यावर हृदयांचा पाऊस पडला. दुसऱ्या वेळी हात थांबला. त्या काडीकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मग हळूच रूपाला म्हणाल्या,

"बाई, मले घरी जाचं हाये."

"मामी, घरीच त हाये आपन."

"नाई व. माही माय वाट पाह्यत असन. मले पोचून द्या ना कोनी." आणि त्या रडायला लागल्या. लहान पोर रडतं तशा, तोंड उघडं टाकून. काडीवरची कणीक गालाला लागली.

विनोद धावत आला आणि त्याने मला बंद केलं. तेवढ्यात कुणीतरी तो तुकडा उचलला होता.

त्याला विनोदी गाणं जोडलं. वर लिहिलं, 'सोमवारी ऑफिसला जाताना मी'. तो गावोगाव फिरला. भागिरथाबाईंचा कुठलाच व्हिडिओ इतक्या लोकांनी कधी पाहिला नव्हता. आणि मागण्या आल्या. दिवसभर माझी टिंगटिंग चालू. रडणाऱ्या आजींचे सरगुंडे पाहिजेत. आजींना परत रडवा ना.

रूपा मला उपडं करून ठेवायची. विनोद मात्र पाकिटं भरत होता. लोक येतात तर येऊ द्या, असं त्याचं चाललं होतं.

मग विनोद कामावरून परत येताना एसटीत बसला. पाकिटं कुरिअरला द्यायची म्हणून त्या दिवशी मी त्याच्या खिशात होतो. पुढच्या बाकावर दोन पोरं एका मोबाइलवर वाकली होती. ते गाणं मी ओळखलं. त्यानेही ओळखलं. मधे त्याच्या आईचा आवाज आला, 'माही माय वाट पाह्यत असन', आणि पोरं खदखदून हसली. मेडशी अजून दूर होतं, तरी तो मधल्याच फाट्यावर उतरला आणि चालत घरी आला.

घरी येऊन त्याने मला रूपापुढे ठेवलं. "बंद कर. सारं बंद कर."

"बंद नाई करत," रूपा म्हणाली. "सांगतो लोकाइले."

तिने मला हातातच धरलं. केस विंचरले नाहीत, पाकीट समोर मांडलं नाही. म्हणाली, "जयभीम. आमच्या मामीले आता आठोत नाई. त्या तुमच्या करमनुकीसाठी रडल्या नाईत. यापुढं त्या तुमाले दिसनार नाईत. सरगुंडे पायजे असले त मी करतो. नसले पायजे त बी चालते."

बरेच लोक निघून गेले. काहींनी माफी मागितली. मंजूने लिहिलं नाही, तिने फोन केला. रूपाने मला भागिरथाबाईंच्या कानाशी लावलं.

"हॅलो आजी."

"कोन? माय?" भागिरथाबाईंचा चेहरा उजळला. "माय, मी येतो व. मले रस्ता सापडत नाई."

मला पलीकडून मंजूचा श्वास ऐकू येत होता. मग तिचा आवाज अगदी मऊ झाला. "ये हो. घाई करू नको. जेवून ये. मी दारातच बसले आहे."

"बरं," भागिरथाबाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी ताटावर बसून पोटभर जेवल्या. त्यानंतर मंजू अधूनमधून फोन करत राहिली. मागणीचा विषय तिने कधी काढला नाही.

भागिरथाबाई पावसाळ्यात गेल्या. त्या दिवशीही माझ्यावर तो तुकडा कुणीतरी पाठवला होता, खाली हसऱ्या तोंडांची रांग.

आता माझी बॅटरी फुगली आहे, पाठ उचलली गेली आहे. रूपाने नवा मोबाइल घेतला. थोडीफार मागणी येते ती त्यावर. मला ती टाकून देत नाही. घरात कुणी नसलं की चार्जरला लावते आणि सासूचा आवाज ऐकते. केव्हा तरी मी सुरूच होणार नाही.

त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. निळ्या लुगड्यातली, गालाला कणीक लागलेली एक म्हातारी गाण्याच्या तालावर रडताना कधी तुमच्यासमोर आली, तर तिला पुढे पाठवू नका. तिचं नाव भागिरथा होतं. ती रस्ता विचारत होती.