न बोलावता

...सोफ्याच्या पायाशी ठेवलेला बिस्किटाचा तुकडा अजून तिथंच होता. एक कोपरा ओलसर – म्हणजे नाक लागलं होतं, मत बनलं नव्हतं. दादा वर्तमानपत्राआडून पाहत होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर 'आता बरं दिसतं की मघाशी?' असं विचारणाऱ्या माणसाला सुट्टीच्या सकाळी एका कुत्र्याच्या मताची एवढी पडावी...

कुत्रा बहिणीनं आणला होता. घरात दोघंच, दोघंही पन्नाशीपलीकडची, बिनलग्नाची. तिसरं कुणीतरी हवं, असं ती म्हणाली तेव्हा 'बघ बाई' एवढंच तो म्हणाला होता. आल्यापासून कुत्रा सोफ्याखाली होता. बहिणीचा नियम असा, की हाक मारायची नाही, भरवायचं नाही. रुळला की येईल आपणहून.

आपणहून, पण कुणाकडं – हे नियमात नव्हतं. लहानपणी मांजर तिच्या उशाशी, शेजारची पोरं तिच्याभोवती, आईच्या तोंडी तिचंच नाव... त्याच्याकडं लोक यायचे ते नंबर वाढला म्हणून. एकदाच, काही काम नसताना, न बोलावता कुणीतरी आपल्याकडं यावं – या वयात हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून बिस्किट.

तुकडा आत सरकवायला तो वाकला, तर कुत्र्याच्या पंजाशी चीज. चीज घरात फक्त बहीण खायची.

थोड्याच वेळात कुत्र्यानं जाजम खराब केलं. बहिणीनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वेगळं काही खायला दिलंत का?" प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," दोघं एकदम म्हणाली. कित्येक वर्षांत त्यांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

फोन ठेवून बहीण म्हणाली, "तुझ्या खिशात चुरा कसला रे?"

"तुझं चीज फार लवकर संपतं हल्ली."

"जाजम धू जा, दादा."

जाजम वाळत घालून तो परतला आणि दाराशीच थांबला. बहीण सोफ्यासमोर पालथी पडली होती, गाल फरशीला टेकवून, आणि कुजबुजत होती, "अरे, जा ना बाबा त्याच्याकडं. माझ्याकडं आलास तर आठवडाभर तोंड पाडून बसेल तो. जा, दादाकडं जा."

तो पाय न वाजवता आपल्या खोलीत आला, खुर्चीत बसला. म्हणजे चीज... आणि ते मांजर, थंडीत कधीमधी त्याच्या पांघरुणात शिरायचं ते? आई शेवटी शेवटी दुपारची येऊन शेजारी बसायची – 'सहज आले रे' – ते 'सहज' त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, त्या दुपारी तिला पाठवून स्वयंपाकघरात कोण थांबायचं?... सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागणार होता, आणि नवल म्हणजे त्याची घाई वाटत नव्हती.

फरशीवर नखांचा आवाज झाला. कुत्रा आला, घोटा हुंगला, जरा विचार केला आणि सगळं वजन त्याच्या पावलावर टाकून बसला. स्वयंपाकघरात भांडी वाजली – गरजेपेक्षा जरा जास्तच. आपणहून आला की पाठवलेला, हे कुत्र्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पायाला मुंग्या यायला लागल्या, तरी दादानं पाय हलवला नाही.