गप्प राहणारी नायिका

सुट्टीला घरी आल्यापासून बिरुंगी न्हाणीघराचं दार लावून घेत नव्हती. पंधरा वर्षांची घोडी झाली, तरी! तिची आई नाकितेंदे एकदा रागावली, मग तिनं नाद सोडला. तिला स्वतःचीच घाई होती. वसतिगृहावरची तिची कादंबरी युगांडात, कंपालातल्या शाळांमधून हातोहात खपली होती आणि प्रकाशक दुसऱ्या भागासाठी मागे लागले होते.

दुपारी जेवणातल्या मटोकेसाठी कच्ची केळी सोलताना ती लेकीला सांगू लागली, "ह्या भागातही मोठ्या मुली नायिकेला छळतात. ही मात्र तोंडातून ब्र काढत नाही. शेवटी त्यांनाच लाज वाटते."

बिरुंगीची सुरी थांबली.

"आई, नवी मुलगी आली की तिला तुझं पुस्तक देतात."

"कोण देतं?"

"छळणाऱ्याच. म्हणतात, चांगली मुलगी कशी गप्प राहते ते शीक."

नाकितेंदेनं हातातलं केळं खाली ठेवलं. "मग?"

"आमच्या वसतिगृहातल्या अकेलोला त्या न्हाणीघरात कोंडतात. आधी रडायची, आता रडतही नाही. तिचं घर लांब, गुलूला. सुट्टीत ती तिथंच राहिलीय. आणि छळणाऱ्यांतल्या दोघीही."

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"चुगलखोर मुलगी वाईट, असं तूच लिहिलंयस ना?"

नाकितेंदेनं शाळेत फोन लावला. वसतिगृहाच्या बाई हसल्या. "पोरींची थट्टा हो ती. तुम्हीच किती छान रंगवलीय!"

मायलेकी तशाच निघाल्या. वसतिगृहाच्या व्हरांड्यात चिटपाखरू दिसत नव्हतं. न्हाणीघराला बाहेरून कडी होती. नाकितेंदेनं ती ओढली. ओल्या फरशीवर एक लहानखुरी मुलगी भिंतीला चिकटून बसली होती. दार उघडताच तिनं स्वतःच्याच हातानं आपलं तोंड दाबून धरलं.

"अकेलो, मी आहे," बिरुंगी म्हणाली. तिचा हात खाली आला नाही.

नाकितेंदे तिच्याशेजारी ओल्यातच बसली. "मी चुकीचं लिहिलं, बाळा. ओरड तू. मी ऐकतेय."

बऱ्याच वेळानं त्या बोटांआडून हुंदका फुटला.

अकेलोची मावशी तिला घेऊन गेली. मुख्याध्यापिकेला पालकांसमोर उत्तर द्यावं लागलं. अकेलो अजून फारशी बोलत नाही. नाकितेंदेनं दुसरा भाग फाडून टाकला. तिच्या नव्या कादंबरीतली मुलगी पहिल्याच पानावर ओरडते आणि मोठी माणसं धावत येतात.

वाचकहो, मुलांना मुकाट सोसायला शिकवणारी गोष्ट कितीही गोड असो, ती छळणाऱ्याच्याच कामी येते. मुलांना बोलायला शिकवू या, आणि ती बोलतील तेव्हा त्यांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका.